मोडनिंब ते सोलापूर, तीस मैल

१

होटगी जंक्शनावर अकरा वर्षं तारेचं यंत्र खडखडवल्यावर चन्नवीर हिरेमठला विमानाच्या मैदानावर नोकरी लागली, तेव्हा त्याच्या बायकोनं, वच्छलानं, एवढंच विचारलं होतं, "तिथं सावली आहे का?"

सावली नव्हती. होटगीच्या अलीकडं दगड वेचून साफ केलेला माळ, मधोमध चुन्यानं आखलेलं मोठं वर्तुळ, एका उंच काठीवर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी आणि कडेला पत्र्याची एक खोली. खोलीत टेबल, रेल्वेच्या खांबांवरून ओढून आणलेली तार आणि भिंतीवर घड्याळ. १९३४ सालचा माघ महिना होता. टपालाची विमानं चालवणारी एक छोटी कंपनी नुकतीच सुरू झाली होती, आणि सोलापुरात लोक अजून विमानाचा आवाज आला की जेवणावरून उठून अंगणात येत.

काम सोपं होतं. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठला विमान पुण्याहून सुटे. तशी तार येई. पुणे ते सोलापूर हवेतून एकशे सत्तेचाळीस मैल. वाटेत डोंगर नाही, वळण नाही, दीड तास. साडेनऊला विमान उतरे, पेट्रोल भरून हैदराबादेकडं जाई. चन्नवीर वहीत नोंद करी: पोचण्याची वेळ, निघण्याची वेळ, टपालाच्या पिशव्या, उतरले किती, चढले किती. शेवटच्या दोन रकान्यांत तो कायम शून्य लिही. दोन उघड्या बैठकांचं, पंखाखाली ठिगळ मारलेलं ते विमान. त्यात पैसे देऊन बसण्याची छाती कुणाला होत नव्हती.

विमान चालवणारा सोमलिंग बिराजदार मूळचा वैरागचा. बाप धान्याचा व्यापारी. पोरानं दुकान सोडून विमान शिकायला मुंबई गाठली, म्हणून बापानं तीन वर्षं त्याच्याशी अबोला धरला होता. पण पहिल्या दिवशी सोमलिंग मैदानावर उतरला तेव्हा म्हातारा बैलगाडीनं आला होता. तो बराच वेळ विमानाभोवती फिरला आणि मग म्हणाला, "जेवलास का?" ही गोष्ट सोमलिंगनं चन्नवीरला निदान दहा वेळा सांगितली असेल.

फाल्गुनातल्या एका गुरुवारी विमान नऊ एक्केचाळीसला उतरलं.

सोमलिंगनं खाली उडी मारली, मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "साडेनऊ. ठोक्याला ठोका. काय मास्तर?"

"एक्केचाळीस झाले, साहेब."

"तुमचं घड्याळ पुढं गेलंय."

चन्नवीरनं होटगीला तार करून वेळ विचारली. रेल्वेची वेळ नऊ त्रेचाळीस, भिंतीवरच्या घड्याळातही तेवढीच. सोमलिंग हसला, त्यानं मनगटावरचं घड्याळ पुढं केलं आणि म्हणाला, "सासऱ्यानं दिलंय. स्वस्तातलं असणार."

२

पुढच्या सोमवारी तेरा मिनिटं उशीर. गुरुवारी सतरा. प्रत्येक वेळी सोमलिंगच्या घड्याळात साडेनऊच. त्यानं पुण्याहून नवं घड्याळ घेतलं. नव्या घड्याळातही साडेनऊ वाजले, आणि भिंतीवर नऊ बावन्न.

चन्नवीर हिशोबी डोक्याचा माणूस. त्यानं आधी वाऱ्याला दोष दिला. पण काठीवरची पिशवी ओल्या धोतरासारखी लोंबत होती. आठ दिवसांत तिनं अंग हलवलं नव्हतं. मग त्यानं संगप्पाला टाकीत काठी घालून पेट्रोल मोजायला सांगितलं.

संगप्पा अक्कलकोटकडचा. पेट्रोलचे डबे ओतायचे, चाकं पुसायची, विमान गेलं की खोलीच्या पडवीत निजायचं, हे त्याचं काम. त्यानं काठी घातली, काढली, खुणेवर नख ठेवलं आणि पुन्हा घातली.

"किती जळलं?"

"दीड तासाचं, मास्तर. रोजच्याएवढंच."

"नीट बघ. एक तास बावन्न मिनिटं हवेत होतं."

संगप्पानं काठी फडक्याला पुसली. "मग बावीस मिनिटं मशीन बंद होतं की. अय्यो, मशीन बंद करून वर कसं ऱ्हाईल? कुटं तरी खाली हुभं होतं हे."

चन्नवीरला ते ऐकायचं नव्हतं. काठी जुनी आहे, खुणा पुसट झाल्यात, असं तो म्हणाला. संगप्पानं वाद घातला नाही. तो चाकं पुसायला खाली बसला आणि फडकं हातातच धरून थांबला. चन्नवीर वाकून बघायला गेला. दोन्ही चाकांना काळा चिखल लागला होता. बोटाला गार लागेल असा ओला, आणि त्यात हिरव्या गवताच्या काड्या.

चैत्र लागला होता. चार महिन्यांत पावसाचा थेंब नव्हता. पुण्याचं मैदान पक्कं, मुरमाचं.

संगप्पानं चिखल फडक्यानं काढला, फडकं लांब नेऊन टाकलं आणि त्या दिवशी हात तीनदा धुतले.

३

"मला विचारू नका, मास्तर," सोमलिंग म्हणाला. दोघं खोलीत टेबलाशी बसले होते. पत्रा तापून कडकड वाजत होता. "मी कुठं उतरत नाही. पुण्याहून निघतो. दौंड, भीमा, टेंभुर्णी, मोडनिंब, सगळं ओळीनं दिसतं. मग मोहोळ, मग सोलापूरची गिरण्यांची धुराडी. उतरतो. एवढंच."

"मोहोळ दिसतं?"

सोमलिंगनं मनगटावरच्या घड्याळाचा पट्टा घट्ट केला. "दिसत असणार. वाटेवरच आहे."

"आठवतं का?"

"तुम्हाला रोज घरापासून स्टेशनापर्यंतची सगळी झाडं आठवतात का?"

हे बोलणं चन्नवीरला पटलं. पटावं अशीच त्याची इच्छा होती. सोमलिंगनं खिशातून कंपनीचं पत्र काढून टेबलावर ठेवलं. उशिराची कारणं कळवा, यापुढं उशीर झाल्यास वैमानिक बदलावा लागेल.

"वडील आता घरी बोलतात माझ्याशी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "परवा त्यांनी गावातल्या चार जणांना सांगितलं, माझा मुलगा विमान चालवतो. विमान गेलं तर ते बोलणंही गेलं. तुम्ही वहीत साडेनऊ लिहा. कुणाचं काय जातंय?"

अकरा वर्षांत चन्नवीरनं एका गाडीची वेळ खोटी लिहिली नव्हती. रेल्वेत खोट्या वेळेनं माणसं मरतात, हे तो डोळ्यांनी बघून आला होता. त्यानं टाक उचलला, खाली ठेवला. मग लिहिलं: नऊ तीस.

त्यानंतर त्यानं सात वेळा नऊ तीस लिहिलं. सातव्या वेळी भिंतीवर दहा वाजून नऊ मिनिटं झाली होती.

४

मोडनिंबच्या छोट्या गाडीच्या स्टेशनावर रुद्रप्पा नावाचा तारमास्तर होता. चन्नवीर आणि तो एकत्र शिकलेले. चन्नवीरनं त्याला कळवलं, विमान डोक्यावरून गेलं की वेळ पाठव. सोमवारी तार आली: नऊ अकरा. गुरुवारी पुन्हा: नऊ अकरा.

म्हणजे मोडनिंबपर्यंत सगळं ठीक होतं. पुण्याहून एकशे सतरा मैल झाले, राहिले तीस. तीस मैलांना एकोणीस मिनिटं लागायला हवीत, तिथं तास लागत होता. एकशे सत्तेचाळीस मैलांतलं जे काही बिनसलं होतं, ते या तीस मैलांत होतं.

पुढच्या सोमवारी त्यानं भिंतीवरच्या घड्याळावर लक्ष ठेवायचं संगप्पावर सोपवलं, पहाटेच्या गाडीनं मोहोळला उतरला आणि मोडनिंबच्या दिशेनं माळानं चालत निघाला. दीड-दोन कोसांवर धनगरांचा वाडा, मेंढरांचा तळ, बसला होता. मायाप्पा नावाचा धनगर बाजाराला गेला होता; त्याची बायको तानाबाई मेंढरांपाशी होती. चन्नवीरनं विमानाचं विचारलं.

"रोजचंच की त्ये," ती म्हणाली. "बसा हितं. आत्ता यील."

विमान आलं. पश्चिमेकडून आधी भुंग्यासारखा, मग गिरणीसारखा आवाज. उन्हात एक ठिपका चमकला. चन्नवीरनं खिशातलं घड्याळ पाहिलं, नऊ चौदा. सगळं इतकं नेहमीसारखं होतं की इतक्या लांब आल्याची त्याला लाज वाटली.

मग मेंढरांनी चरायचं थांबवलं. दोनशे मेंढरं, सगळ्यांनी माना वर केल्या, एकाच दिशेला.

आणि आवाज नाहीसा झाला. विरत विरत गेला नाही, लांब गेला नाही. होता आणि नव्हता. चन्नवीरनं वर पाहिलं. आभाळ स्वच्छ होतं आणि त्यात काहीच नव्हतं.

"पडलं?" तो उठून उभा राहिला.

"पडत न्हाय," तानाबाई म्हणाली. ती चातीवर लोकर कातत होती, तिचा हात थांबला नव्हता. "पयल्यांदा मी बी धावले. काय सुदिक न्हाय तितं. मला तर वाटतंय, कुनीतरी त्याला आत घेतंय आन् दार लावतंय."

"कोण?"

"आता त्ये मला काय ठावं?"

मेंढरं तशीच उभी होती. एकही चरेना, एकही ओरडेना. एवढ्या मोठ्या माळावर चन्नवीरला तानाबाईच्या चातीचा आवाज ऐकू येत होता. तो मिनिटं मोजत बसला. सत्तेचाळीस मिनिटं झाली आणि डोक्यावरच्या मोकळ्या आभाळात, मधूनच, पूर्ण आवाज सुरू झाला. विमान तिथं होतं. शांतपणे सोलापूरकडं चाललं होतं.

मेंढरांनी माना खाली घातल्या.

"आदी येवडा येळ लावत न्हवतं," तानाबाई म्हणाली. "आता लई येळ ठिऊन घेत्यात त्याला."

५

वैशाखातल्या एका रविवारी चन्नवीर रेल्वेनं पुण्याला गेला. वच्छलाला त्यानं सांगितलं, कंपनीचं काम आहे. सोमवारी सकाळी आठला तो विमानाच्या पुढच्या बैठकीत बसला. पायाशी टपालाच्या पिशव्या, मागच्या बैठकीत सोमलिंग. खोट्या नोंदी त्यानं केल्या होत्या. खरं काय ते बघणं त्याच्यावरच येत होतं, असं त्यानं मनाशी धरलं होतं. आणि सोमलिंगला त्यानं तसंच सांगितलं. सोमलिंग म्हणाला, "बरं झालं. एकट्यानं जायला आता नको वाटतं."

चन्नवीरनं पक्की तयारी केली होती. खिशात रेल्वेचं घड्याळ, गळ्यात रुमाल, हातात छोटी वही, पेन्सिल दोऱ्यानं कोटाच्या बटणाला बांधलेली. दर पाच मिनिटांनी काहीतरी लिहायचं, म्हणजे मध्ये फट राहणार नाही.

वारा कानांत घुसत होता. खाली दौंडचे रूळ दिसले, भीमेचं कोरडं पात्र दिसलं. त्यानं लिहिलं. टेंभुर्णी दिसली, लिहिलं. नऊ अकराला मोडनिंबचं स्टेशन खेळण्यासारखं पायाखालून गेलं. फलाटावर एक माणूस वर बघत उभा होता, रुद्रप्पाच असणार. चन्नवीरनं हात हलवला. नऊ पंधराला त्यानं लिहिलं, ठीक. डोळे मिटायचे नाहीत म्हणून त्यानं ओठ चावून धरला. नऊ वीसला लिहिलं, ठीक. नऊ पंचवीसला गिरण्यांची धुराडी दिसली आणि त्याला इतकं हलकं वाटलं की तो मोठ्यानं हसला. काही नव्हतं. वाटेत काहीच नव्हतं.

साडेनऊला चाकं जमिनीला लागली.

संगप्पा धावत आला नाही. तो खोलीच्या दाराशी उभा होता.

"किती वाजले रे?" चन्नवीरनं ओरडून विचारलं.

"धा वाजून एकवीस, मास्तर."

चन्नवीर खाली उतरला. सोमलिंगही उतरला आणि जिथं होता तिथं थांबला. तो चन्नवीरच्या पायांकडं बघत होता. चन्नवीरच्या वहाणांना घोट्यापर्यंत काळा चिखल होता. मग दोघांनी सोमलिंगच्या बुटांकडं पाहिलं.

खोलीत जाऊन चन्नवीरनं वही उघडली. अक्षर त्याचंच होतं, सगळीकडं.

*९.११ मोडनिंब. रुद्रप्पा दिसला.*

*९.१५ ठीक.*

*उतरलो. जमीन ओली. खोली आपल्यासारखीच. आत टेबलाशी माणूस बसला आहे. लिहितो आहे. वर बघत नाही.*

*उतरले दोन.*

*चढले दोन.*

*९.२० ठीक.*

'चढले दोन' लिहिताना पेन्सिल इतकी दाबली होती की कागद फाटला होता.

६

"यात काही नाही," चन्नवीर म्हणाला. आवाज त्याला स्वतःला लांबून आल्यासारखा वाटला. "आपण दोघं उतरलो, आपण दोघं परत चढलो. आठवत नाही एवढंच."

सोमलिंगनं वही दोन्ही हातांनी धरली होती. "उतरलो, असं वर लिहिलंय तुम्ही. मग पुन्हा उतरले दोन कशाला? त्या रकान्यांत तुम्ही परक्या माणसांची नोंद करता ना, मास्तर?"

चन्नवीर वही परत घ्यायला पुढं झाला.

"उतरले ते कोण?" सोमलिंगनं विचारलं. आणि मग फार हळू, "आपण कोण?"

त्या दिवशी तो पुढं हैदराबादला गेला नाही. विमान माळावर तसंच सोडून वैरागकडं जाणाऱ्या मोटारीत बसला. चार दिवसांनी कंपनीचा दुसरा माणूस येऊन विमान घेऊन गेला. चन्नवीरनं सगळ्या खऱ्या वेळा लिहून पाठवल्या. त्यावर कंपनीचं एका ओळीचं उत्तर आलं की टपाल पुरेसं मिळत नसल्यानं सोलापूरचं मैदान बंद करत आहोत. तारेचं यंत्र आणि घड्याळ रेल्वेनं परत नेलं. चन्नवीरही होटगीला जुन्या खुर्चीत जाऊन बसला.

ज्येष्ठात वैरागचा एक मिरचीवाला स्टेशनावर भेटला. सोमलिंग बापाच्या दुकानात बसतो, असं त्यानं सांगितलं. तब्येत चांगली आहे, काम नीट करतो.

"वडील खूश असतील," चन्नवीर म्हणाला.

"कुटलं खूश? म्हातारा परत बोलायचा बंद झालाय त्याच्याशी. ताट बी वेगळं घेतोय. का म्हनून इचारलं तर कुनाला सांगत न्हाय."

घरी वच्छला चन्नवीरशी बोलायची. फार नीट बोलायची. त्याच्या पानात भाकरी पडली की विचारायची, अजून देऊ का, आणि तो नको म्हणाला की लगेच थांबायची. बारा वर्षांत ती कधी अशी थांबली नव्हती. नको म्हटलं तरी वाढायची, आणि उरलं तर भांडायची. एका दुपारी धान्य निवडता निवडता ती म्हणाली, "तुम्ही हल्ली झोपेत घोरत नाही."

"चांगलंच आहे की. तूच कटकट करायचीस."

"हो." तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "पण मग मला जाग येते. मी नाकाशी हात धरून बघते."

"आणि?"

"श्वास असतो," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली.

चन्नवीरला सगळं आठवत होतं. लग्नातला मांडव, पहिलं मूल गेलं तो दिवस, वच्छलाच्या आईचा आवाज. एकही गोष्ट चुकत नव्हती. तरीही आठवताना त्याला दर वेळी वाटे, आपण हे कुठंतरी वाचलं आहे.

७

आषाढातल्या एका सोमवारी तारेचं यंत्र खडखडलं. रुद्रप्पा होता. *तुमचं विमान आत्ता गेलं. नऊ अकरा. पुन्हा सुरू झालं का?*

चन्नवीरनं उत्तर पाठवलं नाही. हाताखालच्या कारकुनाला खुर्चीत बसवून त्यानं सायकल काढली. वाटेत त्यानं स्वतःला समजावलं: दुसऱ्या कुठल्या कंपनीचं असेल. फौजेचं असेल. विमानं काय एकच आहेत?

मैदान ओळखू येत नव्हतं. पावसानं चुन्याचं वर्तुळ धुऊन नेलं होतं, गुडघाभर हिरवळ उगवली होती आणि तिच्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत मेंढरं पसरली होती. घोंगडं पांघरून तानाबाई मधोमध उभी होती. तिनं त्याला लगेच ओळखलं.

"मायाप्पानं हा माळ धरलाय चारायला," ती म्हणाली. "तुमी हिकडं कसं?"

तो उत्तर देणार तोच मेंढरांनी माना वर केल्या.

आवाज एकदम आला, अख्खा, जवळून. खालच्या ढगांतून विमान बाहेर पडलं. तेच होतं. पंखावरचं ठिगळ चन्नवीरला खालून दिसलं. विमानानं मैदानाभोवती एक फेरी घेतली, दुसरी घेतली, आणि दर फेरीला खाली आलं. आत दोन डोकी होती.

"उतरायचंय व्हय त्यास्नी?" तानाबाईनं काठी उचलली. "मेंढरं हटवू का?"

चन्नवीरनं सायकल गवतात आडवी टाकली.

तिसऱ्या फेरीला मागच्यानं मशीन मंद केलं. उतरताना करतात तसं. विमान वाऱ्यावर सरकत, जवळजवळ बिनआवाजाचं, थेट त्यांच्या दिशेनं येऊ लागलं. पुढच्या बैठकीतला माणूस कडेवरून अर्धा बाहेर वाकला होता. त्याच्या गळ्यातला रुमाल फडफडत होता. चन्नवीरनं नकळत स्वतःच्या गळ्याला हात लावला. तो माणूस दोन्ही हात हलवत होता आणि ओरडत होता. एकच शब्द, पुन्हा पुन्हा. भर गर्दीत हरवलेला माणूस ओरडतो तसा.

मेंढरं जागची हलली नाहीत.

विमान त्यांच्या पाठींवरून हातभर उंचीनं गेलं, मशीन पुन्हा गरजलं आणि ते जड होऊन वर चढलं. माळाच्या टोकाला जाऊन ते वळलं. पुन्हा येणार होतं.

"मास्तर," तानाबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच हलला होता. "त्यो वच्छला, वच्छला म्हनून हाका मारतोय. कोन हो वच्छला? तुमच्या वळखीत हाय का कोन?"

चन्नवीरनं विमानाकडं पाहिलं. मग होटगीकडं. तिथं घराच्या छपरातून चुलीचा धूर वर निघाला होता; दुपारचं जेवण होत आलं असेल.

"नाही," तो म्हणाला.

"मग मेंढरं?"

"राहू देत तिथंच."